राखून ठेवलेले

मद्याचा थेंबही कधी न चाखलेल्या शाळामास्तराने मद्यावर लिहावे, आणि तेही चकलीचिवड्याच्या दिवसांत, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. वाटो बापडे. गेले काही महिने एका पिंपाने माझ्या मनात ठाण मांडले आहे, त्याला माझा इलाज नाही.

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात रुग्णालयाखाली १३९५ सालचे एक तळघर आहे. पूर्वी तिथले मद्य औषध म्हणून रोग्यांना देत. त्या तळघरात १४७२ सालच्या पांढऱ्या मद्याचे एक पिंप आहे. त्याला मध, मेण आणि कापूर यांचा वास येतो, असे जाणकार सांगतात. साडेपाचशे वर्षांत ते फक्त तीनदा पाहुण्यांना पाजले गेले. पहिल्यांदा १५७६ साली. झुरिकचे लोक एका दिवसात नाव वल्हवीत आले आणि येताना वरीसारख्या धान्याच्या लापशीचे मोठे भांडे घेऊन आले. लापशी निवायच्या आत पोचलो, तसेच उद्या तुमच्या संकटातही पोचू, हे त्यांना दाखवायचे होते. (मैत्रीची याहून साधी खूण मला तरी ठाऊक नाही.) दुसऱ्यांदा १७१८ साली, आगीत जळालेल्या रुग्णालयाचा पाया पुन्हा घातला तेव्हा. तिसऱ्यांदा १९४४ साली, शहर जर्मनांच्या ताब्यातून सोडवणाऱ्या जनरल लक्लेर यांना. बस्स.

जुनी मद्ये जमवणाऱ्या धनिकांची तऱ्हा निराळी. १९८५ साली लंडनच्या लिलावात १७८७ सालची एक बाटली एक लाख पाच हजार पौंडांना गेली. ती अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेल्या जेफर्सन यांची, असा समज होता. घेणाऱ्यांनी ती प्रदर्शनात मांडली. दिव्यांच्या उष्णतेने बूच सुकले आणि आत पडले! पुढे त्या जातीच्या बाटल्यांवरची अक्षरे विजेच्या हत्याराने कोरलेली असावीत, अशी शंका तज्ज्ञांनी काढली. किंमत आली होती ती कुणी चव न घेतल्यामुळे. चाखली की बाटली रिकामी, आणि न चाखावी तर आत काय आहे ते कळायचे कसे?

मला हसू आले. पण ते टिकले नाही. कारण आमच्या फडताळात एक बरणी आहे. मी दहावी झालो त्या साली आईने मिठात घातलेली लिंबे. आता ती डांबरासारखी काळी झाली आहेत आणि खार काकवीसारखा दाट. आळीत कुणाला ताप येऊन गेला, तोंडाची चव गेली, की आई वाटीत एक फोड घालून पाठवी. ती गेल्यापासून मी दादरा सोडलेला नाही.

गेल्या श्रावणात शेजारच्या काकू आल्या. नात विषमज्वरातून उठली होती, अन्नाला शिवत नव्हती.

"मास्तर, तुमच्या आईंच्या बरणीतली एक फोड द्या हो."

"संपलं हो ते, काकू," मी म्हणालो.

स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती. काही बोलली नाही. बरणीत सात फोडी होत्या.

रात्री मी त्या पिंपाचा आधार शोधू लागलो. तेही राखतातच की! पण मग ध्यानात आले, रुग्णालयाच्या त्या पिंपातून पाजलेल्या ज्या तीन प्रसंगांची नोंद आहे, त्यांत एकही रोगी नाही. काकूंची नात त्या यादीत बसली नसती. बरे, रोग्यांना वाटले असते तर लक्लेर यांच्यासाठी काय उरले असते? हा प्रश्न खोटा नाही. पण त्याच तळघरात १९९६ पासून नवे मद्य मुरायला घालतात आणि त्याच्या उत्पन्नातून रुग्णालयासाठी उपकरणे घेतात. आईही दरवर्षी नवी लिंबे घालीत असे. शेवटची फोड हा विचार तिच्या मनाला कधी शिवला नसावा. नवे घालायचे मी सोडले, आणि जुन्याला जपू लागलो.

सकाळी वाटीत दोन फोडी घेऊन गेलो.

"सापडली का हो, मास्तर?" काकूंनी विचारले.

"सापडली," मी म्हणालो.