गोड पाण्याचा रेटा

चंद्रपूर-गडचिरोलीपासून समुद्र खूप लांब. तरी इथलं पाणी त्याच्यापर्यंत पोचतं. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा भेटतात, तिथून पुढे ती प्राणहिता होते. सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीला मिळते. मग गोदावरी तेलंगणा आणि आंध्रातून वाहत जाते आणि तिचा एक फाटा काकीनाड्याजवळ, कोरिंगाच्या खारफुटीपाशी समुद्रात उतरतो. गोदावरीच्या खोऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या प्राणहितेचा आहे. साग, ऐन, मोहाच्या जंगलात मुरलेला पाऊस झिरपत झिरपत नदीत येतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या झाडांच्या कामी येतो. ती झाडं इथल्या कुणी पाहिलेलीही नसतात.

कामी येतो तो असा. नदीच्या मुखाशी खारं पाणी सतत आत शिरू पाहतं. ते जड असतं, म्हणून तळातून सरकतं. त्याला मागे ठेवतो तो वरून येणाऱ्या गोड पाण्याचा रेटा. पावसाळ्यात नदी भरून वाहते, तेव्हा खार लांब राहतो. उन्हाळ्यात धार बारीक झाली की तो वर चढतो. आता जगभर समुद्राची पातळीही वाढते आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत ती सुमारे २० सेंटिमीटर चढली. नद्यांवर धरणं झाली, पाणी वरच अडलं, तिथे तर खाराला वाट आणखी मोकळी झाली. सुंदरबनातली सुंदरीची झाडं शेंड्याकडून वाळू लागली, त्यामागे गंगेचं गोड पाणी कमी पोचणं हे एक मोठं कारण मानलं जातं. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढलेली जंगलंच्या जंगलं वठली. आता तिथे नुसती पांढरी खोडं उभी आहेत. मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड पाण्यात उभं असतं आणि तहानेनं सुकतं.

पण मोठी झाडं लगेच पडत नाहीत. ती पुष्कळ वर्षं तग धरतात. आधी थांबतं ते रुजणं. बी पडतं, पण रोप धरत नाही. लांबून पाहणाऱ्याला जंगल हिरवंच दिसतं. खाली नवं काही उगवत नाही, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

घरात आणि कामाच्या जागीही खार असाच चढतो. महागाई, दगदग, कुणाचं तरी लागलेलं बोलणं. हे सगळं आत येतंच, त्याला दार लावता येत नाही. मुरलेली माणसं ते सोसून नेतात. लागतं ते कोवळ्यांना: घरातल्या लहानग्याला, नव्या सुनेला, नुकत्याच कामावर लागलेल्या पोराला. ती रडत नाहीत, तक्रार करत नाहीत. फक्त विचारायची थांबतात, काही नवं करून बघायची थांबतात. आपल्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय. अशा वेळी खाराशी भांडत बसण्यापेक्षा आपल्याकडून गोड धार चालू ठेवणं बरं. सणावाराला, वाढदिवसाला ती आपोआप वाहते. खरी गरज असते कोरड्या दिवसांत, म्हणजे आजच्यासारख्या एखाद्या साध्या, घाईच्या दिवशी. तेव्हा आज निघण्याआधी मुलाची चित्राची वही घटकाभर उघडून बघा. भाजी चांगली झाली असेल, तर तसं सांगूनच डबा उचला. कामावरच्या नव्या पोरानं कालचाच प्रश्न पुन्हा विचारला, तर काल दिलं तसंच शांतपणे उत्तर द्या. लगेच काही बदललेलं दिसणार नाही. तरी उद्याही असंच करा.