अर्जुनाने विचारलेली तारीख

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १ ते ५.

हे पाच श्लोक मी या वेळी गोसीखुर्दच्या धरणाजवळ बसून वाचले. एका बाजूला ३३ दरवाजे, दुसऱ्या बाजूला समुद्रासारखी पसरलेली वैनगंगा. १९८८ साली या धरणाची पायाभरणी झाली. पाणी चढायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि एकेक गाव उठत गेलं. त्यातलंच एक माझ्या आजीचं माहेर.

"आजी, घर नेमकं कुठे होतं गं?"

"थ्या लिंबापाशी," म्हणाली, आणि बोट पाण्याकडे. मग स्वतःच थांबली. "आता लिंबच नाही दिसत, तं कसं सांगू बाप्पा?"

तिथेच मला चौथा अध्याय आठवला. भगवंत सांगतात, हा योग मी विवस्वानाला सांगितला, त्याने मनूला, मनूने इक्ष्वाकूला. परंपरेने तो राजर्षींना कळला आणि मग फार काळ लोटल्यावर नाहीसा झाला. यावर अर्जुन काय करतो? हात जोडून मान डोलावत नाही. तो म्हणतो, तुझा जन्म अलीकडचा, विवस्वानाचा कितीतरी आधीचा, मग हे मी कसं समजू? म्हणजे सरळ तारखेचाच प्रश्न! आपल्या ग्रुपवर दर आठवड्याला 'खरा इतिहास' फॉरवर्ड होतो आणि कुणी पुरावा मागितला की त्याची श्रद्धा कमी ठरते. अर्जुनाला भगवंत असं काही म्हणाले नाहीत. त्यांनी उत्तर दिलं : माझे आणि तुझे खूप जन्म होऊन गेले, मला ते सगळे माहीत आहेत, तुला नाहीत.

हे उत्तर मी बराच वेळ घोळवत बसले. इतिहास म्हणजे इति-ह-आस, 'हे असं होतं'. पण असं होतं हे म्हणायलाच कुणी उरलं नाही तर? आजी चौऱ्याऐंशीची आहे. तिच्यानंतर तो लिंब नव्हताच, असं होईल का?

गीता म्हणते, नाही. अर्जुनाला आठवत नाहीत म्हणून त्याचे जन्म खोटे ठरत नाहीत. घडलेलं आपल्या आठवणीवर उभं नसतं. याच तालुक्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपाचे अवशेष निघाले. दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं होती. शतकानुशतकं मातीखाली, वाचणारं कुणी नाही, तरी त्यांनी दान दिलंच होतं ना.

पण इथे एक सोयीची पळवाट आहे, आणि मी स्वतः ती बरेचदा घेतली आहे. देवाला सगळं ठाऊक आहे, मग आपण कशाला लिहा-विचारायची खटपट करायची? तिसरा श्लोक पाहा. ज्याला सगळं माहीत आहे तोच पुन्हा सांगायला बसला आहे! त्याला माहीत असणं पुरेसं असतं तर गीता झालीच नसती. तू भक्त आहेस आणि सखा आहेस म्हणून सांगतो, असं कारणही त्याने दिलं आहे. मला यातला सखा महत्त्वाचा वाटतो. सखा म्हणजे जो उलट विचारू शकतो.

वर, आंभोऱ्याच्या संगमावर, मुकुंदराजांनी ११८८ साली 'विवेकसिंधु' रचला असं आमच्याकडे मानतात. त्यांची समाधी मात्र अंबाजोगाईला दाखवतात, आणि ग्रंथही तिकडचाच असं तिथले म्हणतात. पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, दोन्हीकडचे लोक सांगताहेत तोवर विचारायला जागा आहे.

घरी येऊन वही घेतली. आजीने गल्लीतली घरं ओळीने सांगितली, सतरा घरं, कुणाच्या दारात काय झाड होतं ते सुद्धा. विहीर देवळापुढे, असं म्हणाली. रात्री तिच्या धाकट्या बहिणीला फोन लावला, तर ती म्हणे, "देवळापुढे काहून राहीन? शाळेमागं होती!"

वहीत दोन्ही लिहून ठेवलंय.