भूतदयेचा उरलेला अर्धा भाग

मागे पुण्यातील एका पेठेत पारायणाची समाप्ती झाली. काला वाटून मंडळी पांगू लागली, तोच दोन शेजाऱ्यांचा तंटा आमच्यापुढे आला. एक वृद्ध माळकरी आजोबा गल्लीतल्या कुत्रीला आणि तिच्या पिल्लांना रोज सकाळी नेमाने दूध-पोळी घालतात. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "महाराज, यांना कांहीतरी सांगा. ती पिल्लं आमच्या दारच्या वाळूत घाण करतात अन् माझा नातू त्याच वाळूत खेळतो. डॉक्टर म्हणाले, यातून पोराला जंत व्हायचे." आजोबा उसळून म्हणाले, "मग काय, मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढून घेऊं? नामदेवराय तर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले!"

दोघांचेही खरे वाटावे असा हा तंटा. आम्ही तेथे निवाडा दिला नाही. जाणत्यांना विचारले, थोडे वाचले. आणि जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

आजीबाईंची भीति पोकळ नाही. कुत्र्याच्या आतड्यांत टॉक्सोकारा नांवाचा गोल जंत असतो. तो पिल्लाला आईच्या पोटांतच लागतो, म्हणून तीन-चार आठवड्यांचे पिल्लूसुद्धा विष्ठेतून त्याची हजारो अंडी टाकीत असते. विष्ठा वाळून मातीत मिसळते, दिसेनाशी होते, पण अंडी तेथेच वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मूल मातीत खेळते, हात तोंडात घालते, आणि अंडी पोटात जातात. मनुष्याच्या आतड्यात हा जंत वाढत नाही. त्याची अळी वाट चुकल्यासारखी यकृतात, फुप्फुसात हिंडते. पुष्कळांना कांही कळतही नाही. कोणाला ताप-खोकला येतो, आणि क्वचित् अळी डोळ्यात शिरून त्या डोळ्याची दृष्टि जाते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुलांच्या अशा दुखण्याचे मूळ हा जंत आहे, हे दाखविले. कुत्र्याच्या दुसऱ्या एका जंताची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि तेथे नागमोडी, खाजरी रेघ उठते. अनवाणी चालणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

पण यांतच एक दिलाशाची गोष्ट आहे. टॉक्सोकाराची अंडी ताज्या विष्ठेत असतांना बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे पडून राहिली म्हणजे ती बाधक होतात. म्हणजे जो रोजची घाण रोज उचलतो, तो रोगाची वाटच तोडतो! कुत्र्याला हाकलण्याची गरज नाही. आणि नुसते हाकलून उपयोगही नाही, कारण मातीत पडलेली अंडी कुत्र्याबरोबर जात नाहीत.

आता आजोबांचा दाखला पाहूं. नामदेवरायांच्या त्या गोष्टीत कुत्र्याने भाकरी पळविली होती. भाकरी मिळाली, कुत्र्याचे काम झाले. तरी नामदेवराय तूप घेऊन मागे का धावले? त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून. घास पोटात गेल्यावर पुढे काय, ही चिंता त्यांनी केली. आपण घास घालतो, डोळे मिटून पुण्य जोडतो आणि घरात जातो. मागे त्या पिल्लाचे पोट जंताने फुगते, हाडे वर येतात, कित्येक पिल्ले मरतात. ही कसली दया? दया येथे अर्धीच झाली. उरलेला अर्धा भाग जंताच्या औषधाचा आणि खराट्याचा आहे.

कोणी म्हणेल, "कुत्रं गल्लीचं, आम्ही कुठं पाळलंय?" पण ज्याला आपण रोज हाक मारून बोलावतो, त्याचे सुख आपले आणि घाण मात्र नगरपालिकेची, हा हिशेब देवापुढे चालेल असे आम्हांस वाटत नाही. शेजारच्या लेकराच्या जिवावर केलेले पुण्य आपल्या खात्यावर कसे जमा व्हावे? आणि त्या लेकरातला पांडुरंग कुत्र्यातल्या पांडुरंगाहून निराळा का आहे?

हे होण्यासारखे आहे, याचा दाखला आइसलंड बेटाचा आहे. तेथे मेंढरे कापून आतडी-काळीज कुत्र्यांपुढे टाकीत. त्यातून कुत्र्यांना एक बारीक पट्टकृमि होई, आणि त्याची अंडी पोटात जाऊन माणसांच्या यकृतात पाण्याच्या मोठाल्या गांठी होत. १८६३ साली क्राब्बे नांवाच्या डॅनिश विद्वानाने तेथील शंभर कुत्री तपासली, तेव्हा अठ्ठावीसांत तो कृमि सापडला. त्याने साध्या भाषेत पुस्तिका लिहिली, ती घरोघर फुकट वाटली गेली. लोकांनी आतडी पुरावयास घेतली, कुत्र्यांना औषध देण्याचा कायदा झाला, आणि पुढे त्या बेटावरून तो रोग नाहीसा झाला. हा रोग आपल्या देशातही आहे. मटणाच्या दुकानामागे कुत्र्यांपुढे आतडी फेकणाऱ्यांनी हे ऐकावे.

सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीच्या कुत्र्यांविषयी आदेश देतांना नसबंदी व लस यांबरोबर जंताचे औषध सांगितले, आणि खाऊ घालण्याच्या जागा नेमून देण्यास सांगितले. रेबीजची लस जंतावर चालत नाही, हेही लक्षात असूं द्यावे.

असो. पुढच्या एकादशीला आम्ही त्या दोघांना हे सर्व सांगितले. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "औषधाला पैसे लागतील, महाराज. माझं पेन्शन केवढं!" तेव्हा आजीबाईच म्हणाल्या, "गल्लीत वर्गणी काढूं. वाळूवर मी ताडपत्री घालते, पोराचे हात धुते. पण घाण तुम्ही उचलायची हो!" दुसऱ्या दिवसापासून आजोबांच्या एका हातात दूध-पोळी, दुसऱ्या हातात खराटा-सुपली. ते म्हणतात, कंबर दुखते. दुखूं द्या. घास घालतांना ती कधी दुखली नव्हती!

रामकृष्ण हरि.