दीडशे फूट आणि एकशेसाठ फूट

गेल्या महिन्यात भाचा घरी आला. पोरगा चळवळीतला आहे. अभ्यासवर्ग चालवतो, मोर्चात पुढं असतो, वाचतोही. आल्या आल्या त्यानं मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला. "मामा, हे बघा."

अमेरिकेतलं एक घर होतं. लाकडाचं, चाकांवर ठेवलेलं, बैलगाडीच्या साट्याहून थोडं मोठं. आत एक बाई चहा करत होती. जिन्याच्या पायऱ्यांत कपड्यांचे खण, वर माळा, माळ्यावर गादी. ती हसून सांगत होती की मोठं घर विकलं, कर्ज फेडलं, आता मी मोकळी आहे. मधेच तिनं थोरोचं नाव घेतलं.

भाचा म्हणाला, "मामा, आपल्या चाळीतल्या खोलीएवढंच आहे. माळासुद्धा तसाच. ते लोक आता आपल्यासारखं जगायला निघालेत आणि आपण चाळ पाडून टॉवरात चाललोय."

माझ्या तोंडात शिवी आली होती. गिळली. कारण पोराच्या मनात खोट नव्हती. तो जे विचारत होता ते चळवळीतल्या माणसानं विचारलंच पाहिजे. माणसाला किती जागा लागते? चार खोल्यांचा फ्लॅट, त्याचे हप्ते, त्या हप्त्यांपायी गप्प झालेली तोंडं आपण पाहिली नाहीत का? एके काळी भिंती रंगवणारे दोस्त आज सोफ्याचा रंग निवडताना दिसतात. तेव्हा लहान घरात राहा, गरजा कमी ठेवा, कुणाच्या दावणीला बांधून घेऊ नका, या म्हणण्यात दम आहे. दम आहे म्हणूनच मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. आता देतो, आणि तुम्हालाही सांगतो.

आधी आमच्या खोलीचं माप. १६० चौरस फूट. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं २०७ इमारती उभ्या केल्या. त्या या बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधून अंधारा बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, संडास सामाईक. आमच्या खोलीत आम्ही आठ जण. भागाकार करा. माणशी वीस फूट. म्हणजे एक सतरंजी अंथरली की तुमचा हिस्सा संपला. बापाची रातपाळी असली की आम्हाला पाय पसरता यायचे, आणि पहिली पाळी लागली की आम्ही पोरं बोळात. बाप कामावर गेला याचा मला आनंद व्हायचा. हे लिहायला आज लाज वाटते, पण खरं आहे.

अमेरिकेत २०१८च्या घरबांधणी नियमावलीत अशा लहान घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. माळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतचं ते लहान घर. त्यात बहुधा एक माणूस राहतो, नाहीतर जोडपं. तेव्हा भाचेबुवा, पहिली गोष्ट ही की फुटपट्टी भिंतीला लावू नये, माणसाला लावावी.

आता थोरो. त्याचं 'वॉल्डन' मी तरुणपणी अर्धवट टाकलं होतं, ते परत काढलं. आपल्याकडं बहुतेकांना थोरो ठाऊक आहे तो गांधींमुळं. पण माणूस तसा वाईट नव्हता. गुलामगिरीच्या विरुद्ध उभा राहिला, १८४६ साली कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढली, पळून आलेल्या गुलामांना मदत केली. १८४५ साली तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. झोपडी १० फूट रुंद, १५ फूट लांब. दीडशे चौरस फूट! आमच्या खोलीहून दहा फूट कमी. खर्च त्यानं सेंटपर्यंत लिहून ठेवलाय, २८ डॉलर साडेबारा सेंट. तिथं तो एकटा दोन वर्षं दोन महिने राहिला. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची. स्वतःचं घर चालत जाण्याच्या अंतरावर, तिथं आई आणि बहिणी. म्हणजे दीडशे फुटांच्या भोवती अख्खं रान होतं, तळं होतं, मित्राची माया होती आणि कंटाळा आला तर परत जायला दार होतं.

पण मी अडकलो ते दुसऱ्याच जागी. झोपडीला फळ्या कुठून आणल्या? रेल्वेच्या कामावर एक आयरिश मजूर होता, जेम्स कॉलिन्स. त्याची खोपटी थोरोनं सव्वाचार डॉलरला विकत घेतली. त्या खोपटीत बायको, तान्हं मूल, कोंबड्या. ठरलं असं की त्यांनी पहाटे पाचला जागा सोडायची, सहाला ताबा थोरोचा. सहा वाजता ते कुटुंब त्याला वाटेत भेटलं. सगळा संसार एका गाठोड्यात. बिछाना, कॉफीची चक्की, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढी मागं राहिली, ती रानात गेली आणि पुढं सापळ्यात मेली. थोरोनं खोपटी मोडली, खिळे उपटले, फळ्या उन्हात वाळत घातल्या आणि त्यांतून आपलं साधं राहणं उभं केलं.

कॉलिन्स कुठं गेला? पुस्तक सांगत नाही. मांजरीचं काय झालं ते सांगतं.

मी ते पान दोनदा वाचलं. एकाच फळ्यांची दोन घरं. त्याच फळ्या कॉलिन्सच्या अंगावर होत्या तेव्हा ती गरिबी, थोरोच्या अंगावर आल्या तेव्हा तत्त्वज्ञान. फळी बदलली नाही. बदललं एवढंच की एकाला पहाटे पाचला निघावं लागलं आणि दुसरा सहाला आपण होऊन आला.

त्याच पुस्तकात पुढं थोरो त्या रानातल्या जुन्या रहिवाशांची आठवण काढतो, हे त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे. पूर्वी गुलाम असलेली काळी माणसं तिथं वस्तीला होती. झिल्फा नावाची एक बाई लहानशा घरात सूत कातून जगायची. १८१२च्या युद्धात पॅरोलवर सोडलेल्या इंग्रज कैद्यांनी ती बाहेर गेली असताना तिचं घर जाळलं. कुत्रा, मांजर, कोंबड्या, सगळं गेलं. गावाच्या कडेला, रानात, लहान घरात राहणं म्हणजे काय, हे तिला कुठल्या पुस्तकातून शिकायचं नव्हतं. मनूनं चांडाळाला गावाबाहेर ठेवला आणि फुटकी भांडी त्याच्या हाती दिली. त्यालाही साधी राहणीच म्हणायची का?

भाच्यानं यावर बिनतोड मुद्दा काढला. म्हणाला, "मग भिक्खूंची कुटी? ती लहानच होती ना?" बरोबर. विनयात कुटीचं माप दिलंय. स्वतःसाठी सामान मागून बांधायची असेल तर आतून बारा वीत लांब, सात वीत रुंद, बुद्धाच्या वितीनं. पण हा नियम झाला कशावरून, ते बघ म्हटलं. आळवीचे भिक्खू मोठमोठ्या कुट्या बांधायला निघाले. लोकांकडं माणसं माग, बैल माग, कुऱ्हाड माग, गवत माग. लोक इतके पिडले की भिक्खू दिसला की गल्ली बदलायचे. लांबून गाय दिसली तरी भिक्खू समजून पळायचे! तेव्हा माप ठरलं. म्हणजे तिथं लहानपण कुणासाठी होतं? दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून. शिवाय जागा संघाला दाखवून घ्यायची, तिथं जीवजंतूंना इजा होता कामा नये आणि कुटीभोवती फिरायला मोकळी जागा पाहिजे, हेही त्याच नियमात आहे. बीडीडी बांधणाऱ्यानं विनय वाचला असता तर बरं झालं असतं.

आणि बाबासाहेब. शाळेत असताना परळच्या डबक चाळीत एकच खोली. चूल, धूर, भांडी, सगळं त्यात. दोघांना झोपायला जागा नाही, म्हणून भीमानं लवकर झोपायचं, रामजीबाबांनी रात्री दोनपर्यंत जागायचं, मग पोराला उठवून त्याच जागेवर आपण आडवं व्हायचं. ही गोष्ट आपण जयंतीला रंगवून सांगतो आणि टाळ्या घेतो. ऐकणाऱ्या पोराला वाटतं, खोली लहान होती म्हणून माणूस मोठा झाला. अरे, लहान खोलीनं माणूस मोठा होत असता तर धारावीत घरटी एक बॅरिस्टर निघाला असता. बाबासाहेबांनी स्वतः काय केलं? १९३०च्या दशकात दादरला राजगृह बांधलं, ते पुस्तकांसाठी. आणि १९४५च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात त्यांनी ठणकावून सांगितलं की फुरसतीवाचून संस्कृती नाही आणि यंत्रावाचून फुरसत नाही. मी त्यात एवढंच जोडीन की कोपऱ्यावाचूनही फुरसत नाही. दार लावून एकट्यानं बसायला मिळणं ही चैन नव्हे.

चाळीतल्या एकोप्याबद्दल थोडक्यात. हल्ली पेपरात त्यावर फार गळे काढतात. १९७४च्या जानेवारीत याच चाळींतून दंगल झाली. बौद्धांच्या चाळी कुठल्या आणि सवर्णांच्या कुठल्या हे दगड मारणाऱ्यांना बरोबर ठाऊक होतं. पुढं वाढवत नाही.

आता जे सांगायचं टाळत आलो ते. चाळीची मला ओढ आहे. खोटं कशाला बोलू? तो माळा मला स्वप्नात दिसतो. तीन फूट उंच, ताठ बसता येत नसे. तिथं साठचा बल्ब लावून मी मॅट्रिक झालो, तिथं पहिली कविता लिहिली, तिथंच पहिलं पत्रक. त्या बाईचा माळा मोबाइलवर बघून माझंही काळीज हललं, म्हणून तर शिवी आली.

पण तो माळा माझा होता. खाली भाच्याची आई होती, माझी धाकटी बहीण. तिला माळा नव्हता. तिला मोरी होती. दोन हात लांब, लुगड्याचा पडदा, आणि आंघोळ करायची ती आम्ही पुरुष बोळात गेलो की, पाच मिनिटांत. बाहेरून कुणीतरी ओरडणारच, "झालं का?" मला खोली लहान पडली की मी बाहेर जायचो. नाका, वाचनालय, विहार, मैदान, मोर्चा. बाहेर सगळी मुंबई माझी होती. तिचं बाहेर म्हणजे नळाची रांग आणि संडासाची रांग. रात्री मी वर वाचायचो तेव्हा ती खाली आईच्या कुशीत भिंतीकडं तोंड करून असायची, कारण दिवा डोळ्यांवर यायचा. नववीत तिची शाळा सुटली. घरात कुणी काढली नाही. अभ्यासाला बसायला जागा नाही असं ती एकदा म्हणाली, आई म्हणाली मग राहू दे. मी माळ्यावर होतो. मी ऐकलं. उतरलो नाही.

तेव्हा खोली एकच, पण ती सगळ्यांना सारखी लहान नव्हती. हे मला साठी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही थोरो वाचताना. कॉलिन्सची बायको त्या पानावर दिसते ना, दिवा धरून झोपडी आतून दाखवते, फळ्या चांगल्या आहेत म्हणते. तिला विचारावं असं थोरोलाही सुचलं नाही.

भाच्याला म्हटलं, "तुझा मुद्दा मी मानतो. लहान घरात राहा. पण आधी घरी जा, आईला विचार, लहान घर कसं असतं." तो गप्प झाला. विचारलं की नाही, अजून कळलं नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत पहिल्या ५५६ भाडेकरूंना चाव्या मिळाल्या, त्यात आम्ही होतो. ५०० चौरस फूट. आई आता चौऱ्याऐंशीची. पहिले आठ दिवस ती आतल्या खोलीत झोपायला तयार नव्हती, ओट्याखाली चटई टाकायची. बघा, आजीला चाळच आवडायची, असं सून म्हणाली. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "एकलीनं झोपायचं कसं, ते मला कुणी शिकिवलंच न्हाय." नवव्या दिवशी मात्र ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि तासभर बाहेर आली नाही. आम्ही घाबरून दार वाजवलं. आतून आवाज, "हाय मी. पानी घेतीया."

आता घरात वाद चाललाय तो दुसऱ्या खोलीचा. मुलगा म्हणतो पाहुण्यांसाठी ठेवू, टीव्ही तिथंच लावू. भाचा म्हणतो अभ्यासवर्गाच्या बैठका तिथं घेऊ. मलाही खरं तर पुस्तकं मांडायला तीच पाहिजे होती. नात नववीत आहे. तिनं न विचारता दप्तर त्या खोलीत नेऊन ठेवलंय आणि दाराला आतून कडी बसवून द्या म्हणते. मुलगा कडीला नाही म्हणतोय. मी रविवारी सुतार बोलावलाय.