ससाण्याच्या बाजूचा हिशेब

चऱ्होलीत जमिनीचा विषय निघाला की तो गुंठ्यावर येऊनच थांबतो. टपरीवर चहा घेत उभा असलेला कोणीही फाट्याजवळचा भाव वेगळा, नदीकडचा वेगळा आणि लोहगावच्या बाजूचा वेगळा, असं तोंडपाठ सांगतो. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि तेव्हापासून हे पाठांतर वाढतच गेलं. भाव ठरतो कशावरून? शेजारावरून. प्लॉट रोड टच आहे का, समोर बागेचं आरक्षण पडलंय का, मागे टेकडी आहे का. इंद्रायणीचा एक तुकडा जरी बाल्कनीतून दिसत असला तरी जाहिरातीत ‘रिव्हर व्ह्यू’ असं ठळक छापतात. जागेची किंमत तिच्या शेजाराने ठरते हे आम्हाला कोणी नव्याने शिकवायला नको. फक्त हा हिशेब एकाच बाजूने मांडला जातो. नदीमुळे फ्लॅटला काय मिळतं ते चौरस फुटाला किती, इथपर्यंत मोजतात. फ्लॅटमुळे नदीला काय मिळतं याचा रकाना कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही.

हा उलटा रकाना मी पहिल्यांदा पाहिला तो एका बैठ्या खेळात. ‘कॅस्केडिया’ त्याचं नाव. रँडी फ्लिन या अमेरिकी रचनाकाराचा हा खेळ २०२१ मध्ये आला, आणि जर्मनीत वर्षातल्या सर्वोत्तम कौटुंबिक खेळाला मिळणारा ‘श्पील देस यारेस’ हा मान त्याला २०२२ मध्ये मिळाला. आमच्या सोसायटीत एका घरी तो परदेशातून आला आणि पावसाळ्यातल्या रविवारी क्लब हाउसमधल्या कॅरम बोर्डाशेजारी त्याचा डाव मांडला जाऊ लागला.

खेळ असा. षट्कोनी टाइल्स असतात, त्यांच्यावर डोंगर, जंगल, गवताळ रान, पाणथळ आणि नदी यांपैकी एक किंवा दोन प्रकारची भूमी. सोबत लाकडी चकत्या, त्यांच्यावर अस्वल, एल्क नावाचं मोठं हरीण, सामन मासा, ससाणा आणि कोल्हा. टेबलावर मधोमध चार टाइल्स उघड्या आणि प्रत्येकीखाली एक चकती. आपली पाळी आली की एक जोडी उचलायची, टाइल आपल्या नकाशाला जोडायची आणि चकती तो प्राणी जिथे राहू शकतो अशा टाइलवर ठेवायची. प्रत्येकाच्या वीस पाळ्या झाल्या की डाव संपला. शेजारची सातवीतली मुलगी परवा त्या चार जोड्यांवर बराच वेळ डोळे लावून बसली होती. तिला नदीची टाइल हवी होती, पण त्या टाइलखाली अस्वल होतं आणि अस्वलाला ठेवायला तिच्या नकाशात धड जागा नव्हती. “काका, नुसती नदी घेऊ?” “नाही. जोडीनेच घ्यायचं.” तिने नाराजीने नदी घेतली आणि अस्वल नाइलाजाने एका कोपऱ्यात बसवलं. (जोडी फोडता येते, पण त्यासाठी आधी कमावलेलं एक टोकन मोडावं लागतं. ती ते शेवटपर्यंत जपून ठेवते. तिच्या आईचा स्वभाव.)

खरी गंमत गुण मोजताना. प्राण्यांच्या गुणांची वेगवेगळी कार्डं असतात. त्यांतली साधी घेतली तर ससाण्याचे गुण तेव्हाच, जेव्हा त्याला लागून दुसरा ससाणा नसेल. अस्वलं जोडीने हवीत. सामन मासे ओळीने, एकामागे एक. मधेच गर्दी केली की ओळ बाद. कोल्ह्याला मात्र भोवती जितक्या तऱ्हेचे प्राणी तितके गुण. म्हणजे एकाच जागेची किंमत ससाण्यासाठी एक आणि कोल्ह्यासाठी दुसरीच. गुण शेवटी माणसाच्याच पदरात पडतात हे खरं, पण ते मिळवायला आधी ससाण्याच्या जागी बसून पाहावं लागतं: मला इथे शेजार कोणाचा? हा प्रश्न आमच्या भागात जमिनीच्या कुठल्याही व्यवहारात कोणी दुसऱ्याच्या वतीने विचारलेला मला आठवत नाही.

आपण लहानपणी जमीन शिकलो ती ‘व्यापार’ मांडून. शहरं विकत घ्यायची, त्यांच्यावर घरं बांधायची आणि पाहुणा येऊन पडला की भाडं वसूल करायचं. त्याच्या मूळपुरुषाची, खरं तर मूळ स्त्रीची, गोष्ट सांगण्यासारखी आहे. लिझी मॅगी या अमेरिकी बाईने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचं म्हणणं तिला खेळातून पटवून द्यायचं होतं: जमिनीचा भाव मालकाच्या कष्टाने वाढत नाही, भोवतालच्या समाजामुळे वाढतो, वाढलेला पैसा मात्र मालकाच्या खिशात जातो. पुढे १९३५ मध्ये ‘मोनोपॉली’ बाजारात आली, तोवर मॅगीबाईंचा धडा गळून पडला होता आणि भाडं वसूल करण्याची मजा तेवढी उरली होती. चाकणला कारखाने आले, पुण्यात आयटी आलं, रस्ते रुंद झाले आणि चऱ्होलीच्या सातबाऱ्यावरच्या जिराईत तुकड्यालाही सोन्याचा भाव आला. यात त्या तुकड्याच्या मालकाने काही केलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक आहे. ‘गुंठामंत्री’ हा शब्द आपल्याकडे थट्टेने वापरतात. मॅगीबाई तो ऐकून हसल्या नसत्या, त्यांनी तो खेळाच्या नावात घातला असता.

आणखी एक पट आमच्या अगदी जवळचा. नदीच्या वरच्या अंगाला आळंदी. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी तिथे समाधी घेतली, आणि साप-शिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट त्यांनीच रचला असं आपल्याकडे सांगतात. पुराव्याच्या बाबतीत अभ्यासक हात राखून बोलतात, तेव्हा मीही तो दावा पुढे रेटत नाही. पण त्या पटाची रचना पाहण्यासारखी आहे. घरं आधीच आखलेली, सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि वर वैकुंठ. खेळणाऱ्याच्या हाती फक्त दान टाकणं. पायाखालची भूमी कशी असावी हा प्रश्न तिथे उठतच नाही, कारण ती भूमी सोडून वर जायचं आहे. ‘व्यापार’मध्ये तीच भूमी विकत घ्यायची आहे. टाइल्सच्या खेळात मात्र डाव सुरू होताना भूमी जवळजवळ नसतेच. आपण मांडू तशी ती होते, आणि एकदा टाइल ठेवली की नंतर सरकवता येत नाही. मला या तिसऱ्या प्रकारात मोक्षापेक्षा जास्त जबाबदारी दिसते. वारकरी मंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

कॅस्केडियाचं एवढं कौतुक केलं, तरी त्याच्यावर माझा एक मोठा आक्षेप आहे. या खेळात प्रत्येकाचा नकाशा वेगळा. माझी नदी माझ्यापुरती आणि तुझी तुझ्यापुरती. माझ्या जंगलाला लागून तू काहीही केलंस तरी माझं पान हलत नाही, कारण तू मला लागून नाहीसच. कुटुंबांना आणि अधूनमधून खेळणाऱ्यांना हा खेळ आवडतो त्याचं एक कारण हेच असावं. कोणी कोणाची सोंगटी मारत नाही, रडारड होत नाही, आजीसुद्धा निवांत खेळते. पण नीट पाहिलं तर हे आमच्या टाउनशिपचंच चित्र आहे. कंपाउंडच्या आत सगळं गुण मिळवण्यासारखं: लँडस्केपिंग, कारंजं, जॉगिंग ट्रॅक, ‘सत्तर टक्के मोकळी जागा’. भिंतीपलीकडचा ओढा दुसऱ्याच्या नकाशातला. त्याच्यावर भराव पडला काय किंवा त्याचं गटार झालं काय, आपले गुण शाबूत.

इंद्रायणी असे वेगवेगळे नकाशे मानत नाही. ती लोणावळ्याकडे कुरवंड्यापाशी उगम पावते, देहू, चिखली, मोशी, आळंदी असं करत आमच्याकडे येते आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. वरच्या प्रत्येक गावाने, गटाराने आणि कारखान्याने जी टाइल ठेवली ती सगळी आमच्या काठाला लागते. आळंदीच्या घाटावरचा पांढरा फेस राज्यभर टीव्हीवर दिसतो. जलपर्णीचा हिरवा गालिचा तितका दाखवत नाहीत, कारण दुरून तो छान दिसतो. आणि आम्ही जे सोडतो ते पुढच्या मरकळला जातं. या बाबतीत २००० सालचा ‘कारकासोन’ मला जास्त खरा वाटतो. क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन संगीतशिक्षकाने तो केला, फ्रान्समधल्या तटबंदीच्या गावाचं नाव देऊन. त्यात सगळ्यांचा मिळून एकच नकाशा असतो. रस्त्याला रस्ताच लागला पाहिजे आणि शेताला शेत. आमच्याकडे रुंद डीपी रस्ता एखाद्याच्या शेताच्या बांधावर येऊन खुशाल संपतो. कारकासोनमध्ये तशी टाइल ठेवूच देत नाहीत.

एकत्र नकाशा करणं मात्र बोलण्याइतकं सोपं नाही. आपल्याकडे त्याचा कायदेशीर मार्ग जुना आहे. मुंबई इलाख्यात नगररचना कायदा आला १९१५ मध्ये, आणि टीपी स्कीम हा शब्द तेव्हापासूनचा. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांना जागा काढायची आणि उरलेली नव्या आकारात, नव्या जागी प्रत्येकाला परत द्यायची. कागदावर हा कारकासोनच आहे. पण चऱ्होलीत अशी योजना आणायचं घाटलं तेव्हा गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला, आणि तो मला नुसता अडाणीपणा वाटत नाही. ज्याच्या विहिरीशेजारी आंब्याचं झाड आहे आणि त्याखाली घराण्याचा देव आहे, त्याला तुम्ही सांगता की तुझा प्लॉट आता तिकडे, चौकोनी. जमीन पैशात तेवढीच राहील, कदाचित वाढेलही. तिचा शेजार मात्र सगळा बदलेल. ससाण्याच्या बाजूने मोजायला शिकायचं, तर या माणसाच्या बाजूनेही मोजायला हवं.

ठेवलेली टाइल उचलायची वेळ आली तर काय होतं, ते आम्ही जवळून पाहिलं. १७ मे २०२५ रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती. प्रकरण हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. लोकांनी आयुष्याची कमाई घातलेली घरं यंत्रांखाली गेली. नदीची जागा नदीला द्यायला हवी होती यात मला शंका नाही. ती आधी विकू कोणी दिली, हा प्रश्न मात्र त्या यंत्रांनी विचारला नाही. कॅस्केडिया ज्या प्रदेशावरून बेतला आहे, त्या अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरही एल्वा नदीतली दोन मोठी धरणं २०११ ते २०१४ या काळात तोडली, सामन माशांची वाट मोकळी करायला. त्याला परवानगी देणारा कायदा झाला होता १९९२ मध्ये. खेळात वीस पाळ्यांत उभं राहणारं चित्र खऱ्या नदीवर दुरुस्त करायला वीसहून जास्त वर्षं लागली, आणि तेही तिकडे, जिथे पैसा होता.

आमच्या मुलांनी सध्या पुठ्ठ्याचा आपला संच करायला घेतला आहे. सामन आणि एल्क त्यांना नको आहेत. या नदीकाठी ते आणणार कुठून? नकाशा एकच ठेवायचा, सगळ्यांचा मिळून, हे माझ्या आग्रहाने ठरलं. टाइल्समध्ये नदी, ऊस, माळ, रिकामा प्लॉट आणि टॉवर. टिटवीचा नियम पटकन जमला, कारण ती मुलांना रोज दिसते: रिकाम्या प्लॉटवर उघड्या खडीत अंडी घालते आणि कोणी जवळ गेलं की आकाशपाताळ एक करते. तिच्या प्लॉटला दोन बाजूंनी टॉवर लागले की तिचे गुण शून्य. गायबगळ्याला माळ आणि गुरं. खंड्याला नदी, पण फेस नसलेली. फेसाची वेगळी चकती आहे आणि ती दर पाळीला प्रवाहाच्या दिशेने एक घर पुढे सरकते, मग ती कोणीही टाकलेली असो. या नियमावर एक मुलगा रुसला, कारण फेस त्याने टाकला नव्हता आणि गुण त्याचे गेले.

घोडं अडलंय ते बिबट्यापाशी. मुलांचं म्हणणं होतं की बिबट्या जंगलात, आणि आमच्या संचात जंगलाची टाइलच नाही, तेव्हा बिबट्या बाद. मी त्यांना डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या खोऱ्यात केलेला अभ्यास सांगितला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला: जंगल नाही, ऊस आणि वस्ती आहे, तरी शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक मोठे बिबटे, आणि माणसांना त्याचा पत्ताही फारसा नाही. जुन्नर-खेडच्या उसात तो राहतो हे तर इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मग उसाची टाइल बिबट्याला द्यायची का? दिली तर उसाला लागून घर ठेवणाऱ्याचे गुण वाढायचे की कमी व्हायचे? सातवीतली मुलगी म्हणते कमी, कारण भीती. तिचा भाऊ म्हणतो वाढायचे, कारण भटकी कुत्री कमी होतील. भोसरीत मशिनवर काम करणारे त्यांचे बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, ज्याचं घर नकाशावर आधी लागलं त्याचे कमी करू नका, नंतर येऊन लागला त्याचे करा. मुलांनी तो नियम कच्चा म्हणून वहीत लिहून ठेवला आहे. पण बिबट्या आणि घर यांत आधी आलं कोण हे कसं ठरवायचं, यावर गेल्या रविवारी क्लब हाउस बंद करायची वेळ झाली.