आवाज कोणासाठी?



नवा रायपूरचे रस्ते रुंद, सरळ व पुष्कळसे मोकळे आहेत. लांबच्या प्रवासाची मोटारसायकल बाळगणाऱ्या एखाद्या तरुणाला तिच्यावर मोठे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. भक्तिगीते ऐकत प्रवास करावा, ही इच्छा तर निर्दोषच वाटेल. तथापि माझा आनंद दुसऱ्याच्या कानांवर लादण्याचा अधिकार मला आहे काय, हा प्रश्न उरतोच.

प्रथम यंत्राचा विचार करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना स्वाराच्या कानाशी वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्याही पुढे जाऊ शकतो. गाणे त्यावर मात करणारे हवे. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली, तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. स्वाराला थोडे स्पष्ट ऐकू यावे म्हणून रस्त्यावर पुष्कळ ध्वनी उधळला जातो. मग गाडी चौकात थांबते, वारा पडतो आणि तोच आवाज शेजारच्या घरात रुग्णाच्या उशाशी जातो.

कायद्याने येथे मर्यादा घातली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही सीमा आहे. त्याच वर्षी ३० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने जो महत्त्वाचा निर्णय दिला, तो चेन्नईतील एका ख्रिस्ती मंडळीच्याच उपासनेविषयी होता. शेजाऱ्यांनी ध्वनिवर्धक व वाद्यांविरुद्ध तक्रार केली होती; मंडळीने धर्मस्वातंत्र्याचा आधार घेतला. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. तेव्हा मोटारसायकलस्वाराकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या मंदिरावरील कर्ण्याकडे पाहिले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, शांत राहणे हा नेहमीच सद्गुण असतो काय? नाही. यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाला लोकांनी गप्प बसविले, तेव्हा तो अधिकच मोठ्याने ओरडला. आणि येशूने त्याला दोष दिला नाही. परंतु बार्तीमय आपल्या गरजेपोटी ओरडत होता, करमणुकीसाठी नव्हे. शिवाय, एवढ्या गर्दीत प्रभूने ती एक हाक ऐकली आणि तो थांबला, हे आपण ध्यानात घ्यावे.

येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. शिरस्त्राणात बसविलेला स्पीकर शेजाऱ्याला त्रास देत नाही, हे खरे. पण मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा किंवा अपघातग्रस्ताची हाक त्यामुळे ऐकू येत नसेल, तर तोही आवाज मर्यादेबाहेरचाच होय. म्हणून आवाज किती वाढवावा, याचे माप केवळ यंत्रात शोधू नये. ज्या आवाजात शेजाऱ्याची झोप मोडत नाही आणि ज्यातून गरजवंताची हाक आपल्यापर्यंत पोहोचते, तेवढाच आपला आवाज असावा. वस्तीत शिरताना तो कमी करणे हे अगदी लहान कृत्य आहे. परंतु शेजाऱ्यावरील प्रीती बहुधा अशाच लहान कृत्यांतून प्रकट होत असते.