माकडाच्या पिल्लाचं प्रारब्ध

आमच्या भावकीत एका सुनेला मुलगी झाली. हातपाय आखूड, कपाळ पुढे आलेलं, मधलं बोट आणि अनामिका यांच्यात जरा जास्तच फट. पाचवीला पाटा-वरवंटा पुजला, सटवाईनं लिहावं म्हणून कोरा कागद नि पेन ठेवलं. त्याच रात्री माजघरात एका थोरल्या बाईनं बाळंतिणीला विचारलं, "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस ना गं?"

माझं माहेर सांगलीचं, नोकरी कराडला प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. हा प्रश्न मी दोन्ही गावांत ऐकलाय. कधी ग्रहण असतं, कधी न फेडलेला नवस, कधी मागच्या जन्मीचं पाप. बोट मात्र दर वेळी आईकडे.

कर्मसिद्धान्त मी हलका मानत नाही. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे ऐकतच मी वाढले, आणि दुःख सोसायला त्यानं अनेकांना बळ दिलंय. पण त्याच परंपरेत असंही सांगितलंय की नवं कर्म घडतं ते मनुष्ययोनीत. पशूंच्या त्या भोगयोनी. पाप-पुण्य न करणाऱ्या जिवांतही असे बदल होतात का, हे पाहायला म्हणून मला माकडांकडे जावंसं वाटतं. रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत. वानरापुढे हात जोडणाऱ्या मुलखाला हा दाखला कमीपणाचा वाटू नये.

बाळात नवं काय बदललं, हे मोजायचं कसं? आई, बाप आणि मूल, तिघांच्या रक्तातला डीएनए अक्षर-अक्षर वाचायचा. जे अक्षर मुलात आहे पण आईबापांत कुणातच नाही, ते नवं. काम किचकट असतं, कारण यंत्राच्या वाचनातल्या चुका खऱ्या बदलांहून कितीतरी जास्त. त्या गाळण्यातच सगळा कस लागतो. माणसाच्या प्रत्येक बाळात अशी साधारण 60 ते 70 नवी अक्षरं निघतात. आईकडची आणि बापाकडची मिळून सुमारे 600 कोटी अक्षरं, म्हणजे साडेआठ ते दहा कोटींमागे एक बदल. तुमच्यात, माझ्यात, कीर्तनकारात, सगळ्यांत. बहुतेक बदल कुणाला जाणवतही नाहीत.

2020 मध्ये ऱ्हीसस माकडांच्या कुटुंबांवर हेच मोजमाप झालं. ऱ्हीसस उत्तरेकडचं, महाबळेश्वरला आपल्या हातातली कणसं पळवतं ते टोपीवालं माकड त्याचं जवळचं भावंड. ऱ्हीससमध्ये एका पिढीचा दर माणसाच्या जवळपास निम्मा निघाला. का? माकड सात-आठ वर्षांचं असतानाच बाप होतं. शुक्रपेशी घडवणाऱ्या मूळ पेशी वयात आल्यापासून विभागत राहतात, आणि दर नकलेत चुकीला वाव असतो. माणसात बापाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे दीड बदल वाढतो. आईकडून वाढ होते, पण त्याच्या चौथाईच; तिची अंडी ती स्वतः जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात.

बापाचा वाटा मोठा, हे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1947 मध्येच ताडलं होतं. रक्त न गोठण्याच्या आजारावरून माणसातल्या उत्परिवर्तनाच्या, म्हणजे अशा नव्या बदलांच्या, दराचा पहिला अंदाज त्यांनी 1935 मध्ये बांधला. तेव्हा डीएनए वाचायची सोयच नव्हती. पुढे 1957 मध्ये ते भारतात आले आणि इथलेच झाले.

कुणी म्हणेल, माकडही मागच्या जन्मीचंच भोगतंय. म्हणोत. पण माणूस आणि माकड यांच्या दरातला फरक बापाच्या वयानं इतका उलगडतो की पाप-पुण्याला तिथं करण्यासारखं काही उरत नाही. आणि हे बदल थांबले असते तर अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजापासून ते माकड आणि आपण वेगळे झालोच नसतो. ज्या देवानं ही सृष्टी अशी चालवली, तो एका बाळाच्या हाडांवर आईचा गुन्हा कोरत बसेल, हे मला देवाचाच अपमान करणारं वाटतं.

भावकीतल्या त्या मुलीला अकाँड्रोप्लासिया आहे, म्हणजे हाडांची वाढ खुंटवणारी जनुकीय स्थिती. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं. अशा दर पाच मुलांपैकी चौघांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचे असतात, आणि तिथं तो बदल जवळजवळ नेहमी बापाच्या पेशीतून आलेला असतो. म्हणून आता बोट बापाकडे वळवू नका. त्यानंही काही केलेलं नाही. बाळंतिणीला विळीबद्दल विचारण्याऐवजी तिला जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आईबापांची उंची सर्वसाधारण असेल तर पुढचं मूल तसंच होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते, आणि हे तिला कुणीतरी सांगायला हवं.